मूतखडा, युरोलॉजिस्ट आणि आमच्या गल्ल्यातील कार्ड

आमच्या दुकानाच्या गल्ल्यात एक जाड कागदाचे कार्ड दोन वर्षे पडून होते. त्यावर एका खासगी रुग्णालयाचे नाव होते, आमचे कापड विणणाऱ्या एका कारागिराचे नाव होते आणि खाली डॉक्टरी घाईतल्या इंग्रजीत दोन ओळी होत्या. दुसऱ्या ओळीचा अर्थ एवढाच की, किडनीत बसवलेली नळी चार आठवड्यांनी काढून घ्यावी. कारागिराला ती ओळ वाचता येत नव्हती. आम्हाला येत होती, पण आम्ही बिलाचा आकडा पाहिला, पैसे चुकते केले आणि कार्ड पावत्यांबरोबर गल्ल्यात टाकले.

व्यापाराच्या पानावर ही दवाखान्याची कहाणी कशाला, असे वाचक विचारतील. आम्ही तरी यात व्यापाराशिवाय दुसरे काही पाहिलेले नाही. कुशल हातांची टंचाई, यंत्राचा हप्ता, शहराकडे धावणारा कारागीर, गेलेल्या मालाची नोंद न ठेवणारी पेढी, हे सगळे आपल्या धंद्यातलेच विषय आहेत. फक्त इथे माल म्हणजे माणसाची किडनी आहे.

हकीकत फेब्रुवारी २०२० ची. मालेगावात आमच्यासाठी कोरे कापड विणणाऱ्या एका कारखान्यात उत्तर प्रदेशातला एक कारागीर होता. वय बत्तीस-तेहतीस, हात साफ, नागा कमी. एका रात्रपाळीत कमरेतून जांघेपर्यंत अशी कळ गेली की त्याने लूम तशीच चालू सोडली आणि जमिनीवर पडला. मुकादमाने आम्हाला फोन केला. सोनोग्राफीत किडनीतून मूत्राशयाकडे येणाऱ्या नळीत खडा अडकलेला दिसला. ज्या रुग्णालयात नेले तिथे युरोलॉजिस्ट दुसऱ्या शहरातून आठवड्यातून एक दिवस येत. त्या दिवशी दुर्बिणीने खडा फोडला, सूज उतरेपर्यंत लघवीची वाट मोकळी राहावी म्हणून आत एक बारीक प्लास्टिकची नळी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी दिली. या नळीला डीजे स्टेंट म्हणतात. तिची दोन्ही टोके वळलेली असतात, एक किडनीत आणि एक मूत्राशयात अडकून राहते. उपकरण फार कामाचे आहे, पण ते मुदतीचे आहे. काही आठवडे, फार तर तीन महिने. त्यापुढे तिच्यावरच खड्याचे थर चढू लागतात.

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. एप्रिलमध्ये मालेगावचे नाव देशभर कोरोनासाठी गाजत होते. कारखाने बंद, दवाखाने अर्धे बंद, बाहेरगावचे डॉक्टर यायचे थांबले. मे महिन्यात आमचा हा कारागीर काही मैल पायी, काही ट्रकने आपल्या गावी गेला. तो परतला २०२२ च्या उन्हाळ्यात. लघवीत जळजळ, मधूनमधून ताप, कमरेत सतत बारीक ठणका. एक्स-रे काढला तर नळीची दोन्ही टोके खड्याने भरलेली दिसली. डॉक्टरांनी विचारले, “ही नळी कधी बसवली?” तो आमच्याकडे पाहू लागला. “नळी? कुठली नळी, सेठ? मला वाटलं खडा निघाला म्हणजे काम संपलं.”

पुढच्या तपासण्यांत कळले की ती किडनी जवळपास काम करेनाशी झाली होती. दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया करून नळी काढली आणि नंतर किडनीही काढावी लागली. खर्चाचा हिशेब आम्ही इथे मांडत नाही. त्याचे रेशनकार्ड त्याच्या गावचे होते आणि महाराष्ट्राच्या महात्मा फुले योजनेला इथले रेशनकार्ड किंवा अधिवास लागतो. आयुष्मान योजनेसाठी २०११ च्या पाहणीच्या यादीत घराचे नाव लागत होते, ते नव्हते. दोन सरकारांच्या दोन योजना आणि हा मधल्या पुलावर उभा.

त्या दिवसांत आम्ही एकच सवाल घेऊन बसलो होतो. चार आठवड्यांनी याला कोणी बोलावले का नाही? कोरोना हे एक कारण झाले. पण कोरोनाच्या आधीही अशा विसरलेल्या नळ्या निघत होत्या आणि नंतरही निघतात, हे युरोलॉजीचे सगळे डॉक्टर जाणतात. तेव्हा आम्ही हा धंदा आपल्या धंद्यासारखा पाहायला सुरुवात केली.

लूमजवळ खडे का होतात

आधी मागणीची बाजू. मे महिन्यात मालेगावचा पारा ४२-४३ अंशांवर असतो. पत्र्याखाली, मोटारींच्या गरमीत, बारा तासांची पाळी. घामातून पाणी जाते, लघवी घट्ट होते आणि तिच्यातले कॅल्शियम व ऑक्झलेट विरघळलेले न राहता त्यांचे कण जमतात. त्यात मजुरी मीटरवर. पाणी प्यायले की मुतारीला जावे लागते, लूम सोडली की मीटर कमी. म्हणून कारागीर पाणी पीत नाही, चहा पितो. अनेक कारखान्यांत मुतारी अशी असते की माणूस शक्यतो टाळतो. हे आम्ही दुसऱ्यांवर बोट दाखवून लिहीत नाही, आमचे कापड तिथेच विणले जाते.

इटलीत बोर्गी आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी १९९३ मध्ये काच कारखान्यातील कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली. भट्टीच्या धगीत काम करणाऱ्यांपैकी ८.५ टक्के लोकांना मूतखडा होता; त्याच कामगारांत साध्या तापमानात काम करणाऱ्यांत २.४ टक्के. याच बोर्गींनी १९९६ मध्ये दुसरा अभ्यास मांडला. एकदा खडा झालेल्या माणसांचे दोन गट केले. एका गटाला दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतके पाणी प्यायला सांगितले, दुसऱ्याला काही सांगितले नाही. पाच वर्षांनी पहिल्या गटात १२ टक्क्यांना आणि दुसऱ्यात २७ टक्क्यांना पुन्हा खडा झाला. एक माठ आणि एक स्वच्छ मुतारी यांचा खर्च किती, तो कोणत्याही कारखानदाराने आपल्या वहीत मांडून पाहावा.

कारागीर किती, कुठे आणि का

आता पुरवठ्याची बाजू. आपल्याकडे युरोलॉजिस्ट व्हायला एमबीबीएसची साडेपाच वर्षे, मग जनरल सर्जरीची तीन, मग एमसीएच किंवा डीआरएनबीची तीन. बंधपत्राची सेवा धरली तर बारा वर्षे सहज जातात. तीस-बत्तीसाव्या वर्षी माणूस कमवायला लागतो. एवढे असूनही या शाखेला विद्यार्थ्यांची ओढ मोठी आहे. हृदयाच्या आणि लहान मुलांच्या शस्त्रक्रियेच्या वरिष्ठ जागा दरवर्षी रिकाम्या राहतात, युरोलॉजीच्या मात्र भरतात. कारण उघड आहे. काम भरपूर, रात्री-बेरात्री धावपळ तुलनेने कमी, बहुतेक रुग्ण बरे होऊन चालत घरी जातात आणि फी मिळते.

तरी देशात युरोलॉजिस्टांची संख्या काही हजारांतच आहे. एकशे चाळीस कोटींच्या देशाला हे किती पुरणार? त्यातही ते बसतात मोठ्या शहरांत. यात त्यांची लबाडी नाही. युरोलॉजिस्ट एकटा काही करू शकत नाही. त्याला भूल देणारा डॉक्टर हवा, ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारे सी-आर्म यंत्र हवे, लेझर हवे, दुर्बिणी हव्यात, बिघडले तर आयसीयू आणि डायलिसिस हवे. किडनीपर्यंत वळत जाणारी लवचीक दुर्बीण इतकी नाजूक असते की काही शस्त्रक्रियांनंतर दुरुस्तीला जाते, म्हणून एकदाच वापरून टाकायच्या दुर्बिणीही आता निघाल्या आहेत. छोट्या गावात यातले प्रत्येक यंत्र आठवड्यात एक दिवस चालेल आणि हप्ता मात्र महिन्याचा भरावा लागेल. म्हणून छोट्या शहरांत निराळीच व्यवस्था उभी राहिली आहे. डॉक्टर ठरलेल्या दिवशी येतो, लेझर भाड्याने गाडीत घालून येते, केसमागे भाडे ठरलेले. काम उत्तम होते. पण संध्याकाळी डॉक्टर आणि लेझर दोघेही निघून जातात आणि मागे राहते कार्ड.

ही केवळ गरीब देशाची गोष्ट आहे असे आम्हालाही वाटत होते. अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशन २०१४ पासून दरवर्षी आपल्या पेशाची गणना करते. तिथे युरोलॉजिस्ट चौदा हजारांच्या आसपास आहेत. तरीसुद्धा साठ टक्क्यांहून अधिक काउंट्यांत, म्हणजे त्यांच्या जिल्ह्यांत, एकही नाही. निम्मे डॉक्टर पंचावन्नच्या आगेमागे किंवा वरचे, आणि जवळपास तीस टक्के पासष्टच्या पुढचे. नवे तयार होतात वर्षाला साडेतीनशे-चारशे. १९९७ मध्ये तिथल्या संसदेने खर्च आवरण्यासाठी सरकारी पैशातून चालणाऱ्या प्रशिक्षणाच्या जागांवर मर्यादा घातली, ती गाठ पुढे दशकानुदशके सैल झाली नाही. इकडे म्हातारे वाढत गेले आणि प्रोस्टेट, लघवी अडणे, मूत्राशयाचा कर्करोग ही सगळी म्हातारपणाची दुखणी.

मग अमेरिकेने काय केले? जे काम डॉक्टरशिवाय होऊ शकते ते प्रशिक्षित परिचारिका आणि सहायकांकडे दिले. औषध चालू ठेवणे, तपासणीचा निकाल सांगणे, ऑपरेशननंतरची भेट, नळीची तारीख सांभाळणे. तिथले बहुतेक युरोलॉजिस्ट आज अशा सहायकांबरोबर काम करतात. आपल्या धंद्यात उस्ताद कारागीर कांड्या भरत बसत नाही, तसेच हे. एकट्याचा स्वतंत्र दवाखानाही तिथे मागे पडतो आहे, बहुतेक तरुण डॉक्टर मोठ्या संस्थेत पगारावर जाणे पसंत करतात. आपल्याकडेही मोठ्या शहरांतील कॉर्पोरेट रुग्णालये तीच हवा आणत आहेत.

छोट्या गावात मोठे काम होऊच शकत नाही, हे मात्र आम्ही मानायला तयार नाही. गुजरातेत नडियाद हे काही अहमदाबाद नव्हे. तिथे १९७८ मध्ये फक्त किडनी आणि मूत्रविकारांसाठी मुळजीभाई पटेल युरोलॉजिकल हॉस्पिटल सुरू झाले. आज तिथे देशभरचे डॉक्टर शिकायला जातात. कराचीत डॉ. अदीब रिझवी यांनी सत्तरच्या दशकात सिव्हिल हॉस्पिटलातील आठ खाटांच्या वॉर्डापासून सुरुवात केली. १९९१ मध्ये त्याची सिंध इन्स्टिट्यूट ऑफ युरोलॉजी अँड ट्रान्सप्लांटेशन ही स्वायत्त संस्था झाली आणि तिथे डायलिसिसपासून प्रत्यारोपणापर्यंत रुग्णाकडून पैसा घेतला जात नाही. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. एकच काम हाती घेतले आणि त्यासाठी लागणारी माणसे स्वतः तयार केली.

एक खडा, तीन सल्ले

आमच्या स्वतःच्या घरात २०१८ मध्ये मोठ्या भावांच्या किडनीत दीड सेंटिमीटरचा खडा निघाला. आम्ही तीन ठिकाणी दाखवले. पहिले म्हणाले, पाठीतून छिद्र करून काढू. दुसरे म्हणाले, बाहेरून लहरी देऊन फोडू. तिसरे म्हणाले, लघवीच्या वाटेने लवचीक दुर्बीण घालून लेझर करू. भाईजान घरी येऊन म्हणाले, “अरे, खडा एक आहे की तीन?” नंतर लक्षात आले की प्रत्येकाने आपल्याकडे जे यंत्र होते तेच सुचवले होते.

यात खोटे कोणीच बोलले नव्हते. ही तिन्ही कामे खरी आणि सिद्ध आहेत. १९७६ मध्ये स्टॉकहोममध्ये पाठीच्या छिद्रातून खडा काढण्याची रीत निघाली, त्याआधी कमरेला हातभर चीर देत. फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकला पहिल्या रुग्णावर ध्वनिलहरींनी खडा फोडला. ते यंत्र डॉर्निअर या विमाने बनवणाऱ्या कंपनीचे. वेगवान विमानावर पावसाचा थेंब आपटला तर धातूवर काय आघात होतो, या तपासातून किडनीचा इलाज निघाला, आहे की नाही गंमत! त्यानंतर लेझर आले. आज जगभर लहरींचे काम कमी होत चालले आहे आणि दुर्बीण-लेझरचे वाढते आहे. आपल्या देशात खडे मोठे होईपर्यंत लोक येत नाहीत, म्हणून पाठीतून काढण्याच्या कामात आपले डॉक्टर फार तरबेज झाले आहेत आणि हे छिद्र दिवसेंदिवस बारीक करण्यात नडियादच्या मंडळींचा मोठा वाटा आहे.

डॉक्टरांच्या मार्गदर्शक नियमांत दोन टोके बऱ्यापैकी पक्की आहेत. किडनीतला खडा दोन सेंटिमीटरच्या वर असेल तर पाठीतून. नळीतला खडा पाच मिलिमीटर किंवा त्याहून लहान असेल, ताप नसेल, दुसरी किडनी ठीक असेल, तर थांबून पाहणे, कारण असे शंभरातले सुमारे अडुसष्ट खडे आपोआप पडतात. मधल्या मापाला मात्र एकाहून अधिक रस्ते आहेत आणि तिथेच यंत्र, हप्ता, सवय आणि कधी कधी पाठवणाऱ्याचे कमिशन बोलू लागते. कट प्रॅक्टिस रोखण्यासाठी महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये कायद्याचा मसुदा तयार करवला होता, तो काही उगाच नव्हे. कापडाच्या दलालीचा आम्हाला तजुर्बा आहे. दलाल वाईट नसतो, पण गिऱ्हाइकाला दलाली दिसली पाहिजे.

डॉक्टरांची सवय इलाज ठरवते, हे अमेरिकेत जॉन वेनबर्ग या डॉक्टरांनी फार पूर्वी आकड्यांनी दाखवले. मेन राज्यात त्यांना आढळले की एका भागात पंच्याऐंशी वर्षांचे होईपर्यंत सुमारे पंधरा टक्के पुरुषांच्या प्रोस्टेटची शस्त्रक्रिया होते, तर दुसऱ्या भागात साठ टक्क्यांची. माणसे तीच, हवा तीच, सर्जन निराळे. पुढे १९९२ मध्ये फिनास्टेराइड आणि १९९७ मध्ये टॅम्सुलोसिन ही औषधे तिथे आली आणि शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणात घटल्या. औषधांचीही मग सवय लागते. टॅम्सुलोसिनने नळीतला खडा लवकर पडतो म्हणून जगभर ते दिले जात होते. ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक रुग्णांवर केलेल्या चाचणीने २०१५ मध्ये सांगितले की सरसकट सर्वांना देऊन फायदा दिसत नाही. आजही मोठ्या खड्यांसाठी बरेच डॉक्टर ते देतात, आणि वाद चालू आहे.

भाईजानांनी शेवटी लेझर करून घेतले. त्यांनाही नळी बसवली होती. त्यांची सून शिकलेली, तिने कॅलेंडरवर तारीख लाल शाईने लिहिली आणि विसाव्या दिवशी त्यांना घेऊन गेली. दहा मिनिटांत नळी निघाली. दोन रुग्ण, एकच उपकरण. फरक कॅलेंडरचा.

या पेशाची आणखी एक उणीव आम्हाला सांगितलीच पाहिजे. अमेरिकेत २०१४ मध्ये युरोलॉजिस्टांत स्त्रिया आठ टक्क्यांच्या आत होत्या, अलीकडे दहा-बारा टक्के झाल्या आहेत. आपल्याकडे त्या बोटांवर मोजण्याइतक्याच. पण मूत्रविकार काही पुरुषांचीच मिरास नाही. बाळंतपणांनंतर खोकताना लघवी सुटणे, वारंवार जंतुसंसर्ग होणे, ही दुखणी घराघरात आहेत आणि आमच्या मोहल्ल्यांत तर बायका वर्षानुवर्षे जाडे कापड वापरून गप्प बसतात, पुरुष डॉक्टरपुढे बोलत नाहीत. नमाजासाठी पाकीची चिंता, प्रवासाची भीती, लग्नकार्यात न जाणे, हे सगळे त्यामागे असते. आपल्या मुली आज एमबीबीएसला मोठ्या संख्येने जात आहेत. त्यांना घरचे स्त्रीरोग किंवा त्वचारोगाकडे वळवतात. सर्जरी मुलीचे काम नाही म्हणतात. का नाही? पाच मुली जरी या शाखेत गेल्या तरी पाच शहरांतल्या बायकांची सोय होईल, आणि धंद्याच्या भाषेत सांगायचे तर त्या बाजारात त्यांना स्पर्धाच नाही.

आता पुन्हा कार्डाकडे. कापडाच्या धंद्यात जांगडची रीत आहे. पसंतीसाठी माल गिऱ्हाइकाकडे जातो, विकला गेलेला नसतो, म्हणून त्याची वही वेगळी. कोणाकडे किती थाने गेली, कोणत्या तारखेला परत यायची. रोज सकाळी मुनीम ती वही उघडतो आणि मुदत संपलेल्यांना फोन करतो. चाळीस वर्षांत आमचे एक थान हरवले नाही. डीजे स्टेंट ही जांगडवर गेलेली वस्तू आहे, ती परत आलीच पाहिजे. काही रुग्णालये अशी नोंद ठेवतात, संगणक तारखेला आठवण देतो. ज्या रुग्णालयात आमचा कारागीर गेला तिथे बसवलेल्या नळ्यांची वहीच नव्हती. आठवड्यातून एकदा येणारा डॉक्टर बदलला, परिचारिका सोडून गेली आणि हिशेब संपला. त्यांचा दोष आम्ही लपवत नाही. पण पैसे देताना कार्ड आमच्या हातात होते, हेही लपवत नाही.

२०२२ च्या दिवाळीपासून आम्ही जांगड वहीत मागच्या बाजूने एक पान सुरू केले. आमच्यासाठी विणणाऱ्या कारखान्यांतील ज्या कोणाचे ऑपरेशन होते त्याचे नाव, तारीख, शरीरात काही ठेवले आहे काय, ते कधी काढायचे आणि गावाकडच्या एका माणसाचा फोन नंबर. मुनीम आधी हसला, आता न सांगता लिहितो. आजवर अकरा नावे झाली. त्यांतल्या चार जणांना नळी होती, चौघांच्याही निघाल्या. एक जण बिहारला निघून गेला होता, त्याला फोन करून त्याच्या जिल्ह्याच्या ठिकाणी काढायला लावली.

तो कारागीर आता लूम चालवत नाही. आमच्या गोदामात घड्या मोजतो, पाण्याची बाटली शेजारी ठेवतो आणि दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिनची तपासणी करून कागद आमच्याकडे आणून देतो. आम्ही तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो.